सायबाचा शेंदूर

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

वडिवळ्याला, आमच्या गावी, जाऊन आले. उद्देश मर्यादित होता. आपट्याची पानं द्यायची, जेवायचं, चारच्या आत लोणावळ्याला परत. परतायला साडेसहा वाजले. सोबत एक रिव्हॉल्व्हर आहे.

नीट लिहिते. आमच्या भावकीत एक देव फिरता आहे. त्याला 'सायेब' म्हणतात. दर दसऱ्याला तो एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथल्या देव्हाऱ्यात राहतो. सायेब म्हणजे खंडाळ्याच्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाचं रिव्हॉल्व्हर. ते आमच्या खापरपणजोबांकडे कसं आलं याच्या तीन कथा आहेत. तिन्हींत खापरपणजोबा शूर आहेत. आधी खंडेनवमीला विळे-कोयत्यांबरोबर त्याची पूजा व्हायची. मग कुणीतरी शेंदूर लावला आणि दरवर्षी वर एक थर चढत गेला. आता तो शेंदराचा गोळा आहे, एका टोकाला लांबट. अनोळखी माणसाला गणपती वाटेल.

वडील गेल्यापासून सायेब आमचं घर ओलांडून पुढे जायचा, कारण मी मुलगी आणि एकटी. आज कोंडाजी आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदाचं वरीस राजेश्वरीचं. शिकल्याली पोर हाय, मशिनीतलं कळतं तिला." आबा म्हणजे वडिलांचे चुलते, भावकीत सगळ्यांत मोठे. कुणीही विरोध केला नाही. खरं तर हे वर्ष सत्यमच्या घराचं होतं. सत्यम माझा चुलतभाऊ, जिल्हा परिषदेला उभा राहायच्या तयारीत आहे. त्याने आपला मान सोडला, एवढंच नाही, तर पिशवी स्वतः आणून दिली. बयाआजी (आबांची बायको) म्हणाली, "बाय, रोज हळदकुंकू, अवसेला नारळ. आन् उगं हात लावत बसू नको त्याला."

भावकीत एखाद्या मुलीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. मी भावनेच्या आहारी जात नाही. नोंद म्हणून लिहिलं.

३ ऑक्टोबर

परवान्याशिवाय हत्यार घरात ठेवणं गुन्हा आहे. मात्र ते पुरेसं जुनं आणि पूर्ण निकामी असेल तर निव्वळ जुनी वस्तू ठरू शकतं, असं वाचनात आलं. पुरेसं जुनं म्हणजे किती, हे साल कळल्याशिवाय ठरणार नाही. म्हणून आधी साल.

सरळ काम आहे. मी तळेगावच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, मापन विभागात. दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजते. कुठल्या कंपनीचं, कुठल्या सालचं, एक पानी रिपोर्ट; मग रिपोर्टसकट पोलिसांकडे जमा. महिन्याचं काम. आजच का देत नाही? कारण ते विचारतील, हे काय आहे? उत्तर हातात नसताना मी कुठल्याही टेबलासमोर उभी राहत नाही.

जानेवारीत कंपनीच्या पोलंडच्या प्लांटला जायचं आहे, दोन वर्षांसाठी. जागा एकच आहे आणि ती माझी आहे. राखीव म्हणून आकाशचं नाव आहे. तो माझ्या हाताखाली शिकतो, मापं बरी घेतो. व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागतो. अर्ज मागच्या आठवड्यात केला. माझ्या नावावर काहीही नाही, असं पोलिसांनी लिहून द्यायचं असतं. म्हणून काम घाईचं आहे. काळजीचं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

शेंदराखाली काहीही दिसत नाही. देवाला धक्का न लावता बाजूला एक चौरस सेंटिमीटरची खिडकी उघडायची, असं ठरवलं. आधी हळदकुंकू वाहिलं. मग कापसावर खोबरेल घेऊन पुसलं. शेंदूर निघतो. त्याखाली शेंदूर. त्याखाली चांदीचा वर्ख. त्याखाली शेंदूर.

खिडकी आता चार चौरस सेंटिमीटर आहे. लोखंड अजून लागलेलं नाही.

८ ऑक्टोबर

खिडकी वाढत वाढत मागच्या बाजूने येऊन स्वतःलाच मिळाली. म्हणजे आता शेंदूर नाही. निघालेला सगळा स्टीलच्या डब्यात जपून ठेवला आहे. डबा भरला.

चौकटीवर स्पष्ट आकडा कोरलेला आहे, १८८६. अंदाजापेक्षा फार लवकर काम संपलं. आबांना फोन करून साल सांगितलं. ते म्हणाले, "आसंल." उद्या रिपोर्ट.

९ ऑक्टोबर

तो सिरीयल नंबर आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

घरी. शनिवार-रविवार लोणावळ्यात गाड्यांची रांग लागते आणि माझ्या घरमालकीण शुभदाकाकू खालच्या खोल्या पर्यटकांना देतात. खोल्या भरल्या आणि मी घरी नसले, तर दुसऱ्या किल्लीने माझं दार उघडून पाहुण्यांना बाथरूम वापरायला देतात. हे मला नळाला अडकवलेल्या परक्या चड्डीवरून गेल्या वर्षी कळलं. काकू तेव्हा म्हणाल्या, "अगं, लेकरू होतं गं, किती कळ काढेल?" चड्डी लेकराची नव्हती.

त्यामुळे सध्या सुट्टीला बाहेर जात नाही. याचा अर्थ मी अडकले आहे असा नाही. नमुना जागेवर असताना निरीक्षकानेही जागेवर असावं, ही चांगली पद्धत आहे.

काकूंनी खालून हाक मारून विचारलं, कुणी पाहुणं आलंय का, दार सारखं लावलेलं असतं. म्हटलं, देव आहे. त्या म्हणाल्या, मग चांगलंय.

१४ ऑक्टोबर

नळीवर आणि चौकटीवर दोन-तीन पुसट ठसे आहेत. भिंगाने वाचता येत नाहीत. कारखान्यात प्रोजेक्टरवर वीसपट मोठे दिसतील, पण गेटवर पिशव्या उघडतात. रिव्हॉल्व्हर नेता येणार नाही. ठसे साबणाच्या वडीवर दाबून घेतले आणि वडी नेली. सिक्युरिटीवाल्याने वास घेऊन परत दिली.

चौकटीवरच्या ठशात मुकुट. मुकुट म्हणजे इंग्लंड. आकाश मागून बघत होता. विचारलं, "मॅडम, साबणावर काय मोजताय?" म्हटलं, मैत्रिणीचं जुनं कुलूप. तो म्हणाला, "भारी मैत्रीण आहे, साबणाला कुलूप लावते." त्याला व्हिसाच्या कागदांची माझी फाइल बघायची होती, नमुना म्हणून. दिली. राखीव माणसानेही तयारीत असावं.

निष्कर्ष : इंग्लिश बनावट, १८८० च्या आगेमागे. फरक पाचेक वर्षांचा.

१७ ऑक्टोबर

मुकुटाखाली लंबगोल आहे आणि त्यात तीन अक्षरं. हा इंग्लंडचा नसून बेल्जियमचा ठसा आहे. परदेशी संग्राहकांच्या एका चर्चागटावर "एका परिचितांच्या पेपरवेटबद्दल" असं विचारलं होतं, तिथे कळलं. मुकुट असलेला ठसा १८९३ नंतरचा. पण नळीवरची खूण त्याआधीची असावी. एकाने लिहिलं, नळी एका पिस्तुलाची आणि चौकट दुसऱ्याची असेल. दुसऱ्याने विचारलं, परिचितांच्या पेपरवेटला घोडा आहे का? खातं बंद केलं.

फरक आता वीस वर्षांचा. माहिती वाढली की फरक सुरुवातीला वाढतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

कारखान्याला दिवाळीची सुट्टी. खाली ठाण्याची दोन कुटुंबं उतरली आहेत, जिन्यात चिक्कीचे कागद. मी घरी.

गोळ्यांचं चाक गंजून जाम बसलेलं आहे. घोडा मागे येत नाही, चाप हलत नाही. पण चाकाच्या आतल्या तोंडावरही ठसे असतात आणि चाक फिरवल्याशिवाय ते दिसणार नाहीत. म्हणजे चाक फिरलं पाहिजे. हा निर्णय पूर्णपणे सालनिश्चितीसाठी आहे. पाच घरांत गोळी नाही, हे आधी तपासलं. एका घरात कुंकू आणि तांदळाचे तीन दाणे होते.

२१ ऑक्टोबर. अमावस्या, लक्ष्मीपूजन.

दुपारी चाक सुटलं. पाचही ठसे वाचले. पाचही तेच, मुकुट आणि लंबगोल. नवीन माहिती नाही.

संध्याकाळी नारळ फोडला. पाटावर लक्ष्मी, शेजारी सुटे भाग मापाप्रमाणे मांडलेले. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. एक स्क्रू कुंकवात हरवला होता, सापडला.

सत्यमचा फोन आला. "ताई, सायेब हाय ना नीट? कुणी काय विचारलं तर सांग, तुज्याकडंच हाय म्हणून." इतक्या आपुलकीने चौकशी त्याने याआधी कधी केली नव्हती.

२४ ऑक्टोबर

आत एक स्प्रिंगची पट्टी तुटलेली होती. ती तशीच ठेवून बाकीचं जुळवणं मला जमलं नाही. म्हणजे जमलं असतं, पण अर्धवट जुळणी ही माझी पद्धत नाही. नवी पट्टी घासून बसवली.

दुपारी सगळं जोडलं. घोडा मागे ओढला, चाप दाबला. टक्. एवढा स्वच्छ आवाज. ज्याने ही फिटिंग केली त्या माणसाला सलाम. पुन्हा ऐकला. नंतर आणखी काही वेळा, पडताळणीसाठी.

रिपोर्टमध्ये "सर्व भाग सुरळीत कार्यरत" असं लिहिताना समाधान वाटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

फक्त मुठीचं साल राहिलं होतं. लाकूड काळपट, गुळगुळीत, जुनं युरोपियन अक्रोड असावं असं लिहून ठेवलं होतं. खात्रीसाठी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "ती व्हय? ती आमच्या लग्नातल्या पाटाची. मूळची मूठ उंदरानी खाल्ली. पाट उरला व्हता, दत्तोबा सुताराकडनं घ्येतली करून." मागून बयाआजी ओरडली, "पाट उरला न्हवता, तुमी बसून मोडला व्हता!" त्यावर बराच वेळ दोघांचं चाललं. लग्नाचं साल कुणालाच आठवेना. बहात्तरच्या दुष्काळाआधी, एवढं नक्की.

तर नळी १८९३ च्या आधीची, चौकट आणि चाक नंतरचं, मूठ साधारण १९७०, स्प्रिंगची पट्टी याच महिन्यातली. एकच साल देणं शास्त्रीयदृष्ट्या अवघड आहे. वजनानुसार सरासरी काढली. १९०६.

३० ऑक्टोबर

दाखल्याच्या चौकशीसाठी हवालदार घरी आले. फोन न करता. आकृत्यांसाठी पुन्हा सुटे केलेले चाक, घोडा आणि बाकीचे भाग टेबलावर ट्रेमध्ये तेल निथळायला ठेवले होते. चौकट आणि नळी सुदैवाने देव्हाऱ्यात होत्या, झेंडूच्या हाराखाली.

ते म्हणाले, "गाडीचा पार्ट का, मॅडम?" म्हटलं, मापनाचा नमुना. यात असत्य काही नाही. त्यांनी चाक उचलून बोटावर फिरवलं, म्हणाले, "काय भारी फिरतंय! आमच्या बुलेटचं असं फिरत न्हाई." चहा घेतला, देवाला लांबूनच नमस्कार केला, शुभदाकाकूंना साक्षीदार म्हणून सही करायला लावली आणि गेले.

ते गेल्यावर थोडा वेळ जमिनीवर बसले. फरशी थंड होती.

चौकशी व्यवस्थित पार पडली.

४ नोव्हेंबर

रिपोर्ट पूर्ण. पाच पानं, आकृत्यांसह. शेवटी निष्कर्ष : "बेल्जियन बनावटीचे खिशातले रिव्हॉल्व्हर, एकाहून अधिक वयांचे." जमा करण्याआधी वडगाव कोर्टातल्या वकिलांची वेळ घेतली आहे, केवळ औपचारिकता म्हणून. श्रीपती वकील वडिलांच्या ओळखीतले. आबांनीच नंबर दिला. का हवाय, हे त्यांनी विचारलं नाही.

६ नोव्हेंबर

वकीलसाहेबांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, वस्तू चालते का?

म्हटलं, उत्तम.

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्याकडे आली तेव्हा चालत होती?"

म्हटलं, छे, पूर्ण जाम होती. आतली पट्टीही तुटलेली होती.

"मग?"

"नवी बसवली."

ते उठले, दार लावून आले. मग शांतपणे बोलले. म्हणाले, "मॅडम, गंजलेला गोळा असता, वर बोटभर शेंदूर असता, तर मी साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हटलं असतं, चार पिढ्यांचा देव आहे, साहेब, आधी हात जोडा. निकामी वस्तू, जुनी वस्तू, श्रद्धेची वस्तू. सगळ्या बाजूंनी बोलायला जागा होती. आता काय म्हणू? देवाला स्प्रिंग टाकलीय म्हणू?"

मी म्हटलं, पण साल. ते म्हणाले, "सालाला कोण विचारतंय?"

रिपोर्ट कुणाला दाखवला, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, अजून कुणालाच नाही. ते म्हणाले, चुलीत घाला. म्हटलं, माझ्याकडे इंडक्शन आहे. त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

त्यांचा सल्ला असा : उद्याच्या उद्या स्वतःहून जमा करा, आणि जबाबात एकच वाक्य. देव म्हणून मिळाला, यातलं मला काही कळत नाही. कुणी तक्रार करायच्या आत गेलात तर बहुतेक निभावेल, पोलंडही होईल.

मला यातलं काही कळत नाही, असं मी लिहून द्यायचं! नकार दिला. नम्रपणे.

दुसरा मार्ग उघड आहे. मूळ स्थिती परत आणायची. जे मी सुटं केलं, ते मी जाम करू शकते.

७ नोव्हेंबर

तिसरा मार्गही तपासला. आबांना फोन करून म्हटलं, सायेब परत न्या. ते शेतात होते. म्हणाले, "झोडणी चाललीया, पोरी. भात घरात आल्याबिगर भावकी बसत न्हाई. आन् भावकी बसली तरी दसऱ्याबिगर सायेब उंबरा वलांडत न्हाई. आजपत्तुर वलांडल्याला न्हाई." म्हटलं, मी ओलांडून पोचवते. ते म्हणाले, "मग भावकीत त्याला घ्येनार कोन?" आणि कुणाला तरी पेंढी नीट बांध म्हणून ओरडले.

९ नोव्हेंबर, रविवार

डब्यातला शेंदूर तेलात कालवून पुन्हा लावला. बसत नाही. मी लावलेल्या तेलाच्या थरावरून घसरतो. लोखंड इतकं स्वच्छ झालं आहे की त्याला काही चिकटत नाही. सायेब देव्हाऱ्यात उभा केला तर तासाभरात शेंदूर खाली आणि तो वर, कोरडा, चमकत.

लाल ऑक्साइड प्रायमरचा विचार केला. छटा जुळत नाही.

१३ नोव्हेंबर

घमेल्यात मिठाचं पाणी, त्यात सायेब. दोन दिवस झाले. गंज नाही. मी वापरलेला गंजरोधक खरोखर उत्तम दर्जाचा आहे. डब्यावर लिहिलेली मुदत खरी असेल, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही होणार नाही.

कामात चूक नाही, हीच अडचण आहे.

कंपनीतून मेल आला : पोलिसांचा दाखला महिनाअखेरीपर्यंत द्यावा. उत्तर दिलं : प्रक्रिया सुरळीत चालू आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

बयाआजी आली. लोणावळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायचं होतं, नातू सोडून गेला. आल्या आल्या म्हणाली, आधी सायबाला हात जोडते, मग च्या. देव्हाऱ्यात फक्त हार होता.

"कुटं हाय सायेब?"

म्हटलं, आंघोळ चालू आहे.

तिला मोतीबिंदू आहे, तरी घमेल्याजवळ बसून तिने हात घातला. मीठ चाखलं. मग ओरडली. "अगं बया! सायबाला नागडं क्येलंस? आन् मिठाच्या पान्यात? लोनचं घालतीस का काय देवाचं?"

मी प्रक्रिया समजावून सांगायचा प्रयत्न केला. आधी गंज काढला, आता परत आणते आहे. ती म्हणाली, "मग काडलाच कशापाई?" हा प्रश्न मला आजवर कुणी इतका थेट विचारला नव्हता. म्हटलं, साल कळावं म्हणून. ती म्हणाली, "सायबाचं साल? मला माजं ठावं न्हाई, मी मेले का?"

चहा न पिता जिन्यात जाऊन बसली. शुभदाकाकूंनी तिला आत घेतलं, पोहे दिले. खालून दोघींचे आवाज येत होते. मला वर स्पष्ट ऐकू आलं. "आमचा चांगला बोटभर जाड देव व्हता, बाई!"

१८ नोव्हेंबर

आबांचा फोन. आवाज चढवला नाही. म्हणाले, "आमी तुला देव दिलता. तू त्याचं पिस्तूल करून ठिवलंस."

बरोबर शब्द रिव्हॉल्व्हर आहे. ही दुरुस्ती इथेच नोंदवते.

२१ नोव्हेंबर

एकाच दिवसात बरंच झालं. क्रमाने लिहिते.

बयाआजीने गावात सांगितलं. गावातून ते हौशीरामकडे गेलं. हौशीराम सत्यमच्या विरोधात उभा राहणार आहे. त्याने पोलिसांत लेखी तक्रार केली की सत्यमच्या घरात चालू हत्यार आहे. सत्यमने लगेच लेखी उत्तर दिलं की आपल्या घरात काहीही नाही, वस्तू चुलत बहिणीकडे आहे, ती इंजिनिअर आहे, तिला सर्व माहिती आहे.

नंतर त्याने मला फोन केला. "ताई, राग नको मानू. उमेदवारीच्या कागदात पोलीस केस आली की माझं संपलं. म्हणून तर दसऱ्याला आबांनी तुज्याकडं दिलं ना. कुणालाच नको व्हतं यंदा. तुला कुटं निवडणूक लढवायचीय?"

म्हणजे निर्णयात अनेक घटक होते. त्यातला एक मान हाही होता, असं मला वाटतं. आबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, मशिनीतलं कळतं तिला. ते वाक्य खोटं ठरत नाही.

वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मी सांगितलं तेव्हा गेला असता तर स्वतःहून गेलात असं झालं असतं. आता बोलावल्यावर जाताय." मग म्हणाले, वाक्य पाठ करा.

२४ नोव्हेंबर

एच.आर.ने विचारलं, दाखला कुठपर्यंत? म्हटलं, एक किरकोळ पडताळणी बाकी आहे. त्यांनी सांगितलं, तोवर आकाशचे कागद पुढे पाठवतो, फक्त खबरदारी म्हणून. आकाशची फाइल एका दिवसात तयार झाली. माझ्या फाइलच्या नमुन्यावरून केलेली, त्यामुळे एकही चूक नव्हती. त्याने पोलंडमध्ये थंडी किती असते, विचारलं. महिन्यांप्रमाणे सरासरी सांगितली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पोलीस ठाणे. वकीलसाहेब शेजारी. सायेब कापडी पिशवीत, पिशवीवर एका साडीच्या दुकानाचं नाव.

ठाणे अंमलदार संगणकावर जबाब टाइप करत होते. दोन बोटांनी, पण लक्ष देऊन. सत्यमचं लेखी उत्तर शेजारच्या फाइलमध्ये होतं, ते त्यांनी उघडलं नाही. सायेब त्यांच्या टेबलावर स्टेपलरशेजारी ठेवला. खिडकीतलं ऊन थेट नळीवर पडत होतं. इतका चांगला प्रकाश मला घरी कधी मिळाला नव्हता. ठसा बिनभिंगाचा वाचता येत होता.

त्यांनी विचारलं, हे तुमच्याकडे कसं? मी वाक्य म्हटलं. देव म्हणून मिळाला, यातलं मला काही कळत नाही. पाठांतर नीट झालं होतं.

"बनावट कुठली?"

"माहीत नाही."

"साल?"

माझ्याकडे सालाबद्दल पाच पानं होती. "माहीत नाही."

ते टाइप करत मोठ्याने म्हणाले, एक जुने, गावठी बनावटीचे... माझ्या तोंडून गेलं, "गावठी नाही ते." अंमलदार थांबले. वकीलसाहेब खोकले. अंमलदारांनी विचारलं, "मग कुठलं?"

बाहेर कुणाचा तरी टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं गाणं वाजत होतं. पोलंड अजून अगदीच गेलेलं नव्हतं. वकीलसाहेबांच्या मते केस होणार की नुसती चौकशी, हे याच जबाबावर ठरणार होतं.

म्हटलं, "माहीत नाही. तुम्ही म्हणता तसं असेल."

"घरात कुणी याची दुरुस्ती वगैरे केली का?"

"एवढं कुणाला जमतंय," वकीलसाहेब मध्येच म्हणाले. अंमलदार हसले. मीही हसले असावे.

तूर्त चौकशी. वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाईल. कुठलं, कुठल्या सालचं, चालू की बंद, हे तिथून कळेल. वर्ष लागतं, कधी दीड. तोवर दाखल्यावर 'प्रलंबित' आणि जिल्ह्याबाहेर जाताना ठाण्याला कळवायचं. मी विचारलं, जानेवारीत दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर जायचं असेल तर? ते म्हणाले, "एवढे दिवस कुठं जाता, ताई?"

प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली. वाचून सही करा म्हणाले. माप कुठेच नाही. नळीची लांबी "अंदाजे वीतभर". वय बरोबर. पत्ता बरोबर. व्यवसाय : घरकाम.

मी पेन उचललं आणि त्या शब्दावर टेकवलं. टेबलाखाली वकीलसाहेबांनी माझ्या पायावर बूट ठेवला आणि उचलला नाही.

सही केली.

अंमलदारांनी कागद फाइलला लावला. चांगला माणूस होता. माझा चेहरा बघून म्हणाला, "घाबरू नका, ताई. तुम्हाला यातलं काय कळणार, हे आम्हालाही समजतं."

मी म्हटलं, हो.